यंदा काय नेम धरलास?

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. त्या दिवशी गल्लीत शिरलं की घराघरातून कांद्याच्या भज्यांचा वास येतो. दोन दिवसांनी आषाढी एकादशी. चातुर्मास लागला की कांदा, लसूण, वांगं थेट कार्तिकीपर्यंत बंद, म्हणून आज पोटभर खाऊन घ्यायचं. पाऊस धरलेला असतो. कृष्णेचं पाणी गढूळ होऊन घाटाच्या पायऱ्या चढायला लागलेलं असतं. पालख्या पंढरपूरच्या जवळ पोचलेल्या असतात. आणि याच दोन-तीन दिवसांत आमच्या वाईत बायका एकमेकींना घाटावर, देवळात, भाजी निवडता निवडता हमखास विचारायच्या, “काय गं, यंदा काय नेम धरलास?”

उत्तरं अगदी लहान असत. कुणी तुळशीपुढे रोज गोपद्मं काढणार, कुणी जेवताना बोलणार नाही, कुणी गाईला घास दिल्याशिवाय पानावर बसणार नाही. कुणी रोज हरिविजयाचा एक अध्याय वाचणार. एखादे काका चार महिने तपकिरीची डबी फडताळात ठेवून देत. आपण आता आयुष्य पालटून टाकणार आहोत असं कुणाच्या बोलण्यात नसे. चार महिने, रोज, एवढंच. मग कार्तिकात नेमाची सांगता आणि ऐपतीप्रमाणे काहीतरी दान.

हल्ली रेल्वे स्टेशनावरच्या पुस्तकांच्या ठेल्यावरही सवयी लावून घेण्याची पुस्तकं मांडलेली दिसतात. ती वाचणाऱ्यांबद्दल मला आपुलकी आहे. माणसाला आपण आहोत त्याहून थोडं बरं व्हावंसं वाटतं, ही फार चांगली गोष्ट आहे. पण ती पुस्तकं चाळताना मला सारखं वाटत राहतं की रोज थोडं थोडं करत राहण्याची एक पुरती घडवलेली रीत आपल्या घरात होती आणि ती आपण देवघरातच ठेवून बाहेर पडलो. पूर्वजांना सगळंच कळत होतं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ज्यांच्याजवळ मोकळा वेळ नव्हता, पैसा नव्हता आणि स्वतःच्या मर्जीने वागायची मुभाही नव्हती, अशा माणसांनी ही रीत पिढ्यानपिढ्या वापरून वापरून तिला आकार दिला. ज्याचा देवावर विश्वास नाही त्यालाही ती उपयोगी पडेल.

गोपद्मांचंच घ्या. आषाढी एकादशीला सुरुवात. सकाळी अंगण झाडायचं, सडा घालायचा, तुळशीपुढची जागा हाताने सारखी करायची आणि रांगोळीची चिमूट घेऊन बसायचं. गाईचा खूर मधे दुभंगलेला असतो, तशी मधे फट ठेवून दोन छोट्या पाकळ्या. एक झालं की त्याच्या शेजारी दुसरं, अशी ३३. रांगोळी सोडायची ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून. बोटं आवळली की धार अडते, सैल सोडली की भसकन ढीग पडतो. त्यातून पावसाचे दिवस. हवा दमट, रांगोळी गोळा होते, अंगणात पाणी साचलं तर ओसरीवर पाट मांडून त्यावर काढावी लागते. पहिले काही दिवस पावलं वाकडीतिकडी येतात, एक मोठं तर एक धाकटं. श्रावण निम्मा होईपर्यंत हात बसतो. नवरात्रात पाहिलं तर सगळी ३३ पावलं एका गाईची वाटतात. हा नेम पाच वर्षं चालवायचा आणि मग उद्यापन करायचं.

पाच वर्षं रोज वाकून बसणाऱ्या बाईला रांगोळी सुरेख येऊ लागते, हे खरंच. पण ते तिनं मागितलेलं नसतं. तिनं फक्त उद्याची ३३ काढायची ठरवलेली असतात.

विनोबा भाव्यांनी आपल्या आईच्या, रुक्मिणीबाईंच्या, ज्या आठवणी सांगितल्या आहेत त्यांत एक लाखोलीची आहे. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज पूजेच्या वेळी मूठभर तांदूळ घ्यायचे आणि एकेक दाणा मोजून वाहायचा. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे होते, हिशेबी होते. त्यांनी हे पाहिलं आणि सुचवलं की एक तोळा तांदूळ मोजून घे, त्यात किती दाणे बसतात ते बघ, त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढ, चुकभूल म्हणून अर्धा तोळा वर घाल, काम झालं. हिशेब बिनचूक होता. रुक्मिणीबाईंना त्यावर उत्तर देता येईना, पण मनाला ते पटेना. संध्याकाळी त्यांनी विन्याला, म्हणजे विनोबांना, विचारलं. विन्यानं सांगितलं की हा नुसता गणिताचा प्रश्न नाही. एकेक दाणा वाहताना मन देवाजवळ राहतं, म्हणून एकेकच मोजायचा. आई खूश झाली आणि तिनं नवऱ्यालाही ते सांगितलं.

या आठवणीत मला दोन्ही बाजूंची माणसं आवडतात. नरहरपंत बायकोची थट्टा करत नाहीत, तिचे कष्ट वाचवू पाहतात. पण लाख तांदूळ देवापुढे पोचवणं हे काम नव्हतंच. काम होतं ते रोज त्या पाटावर बसून राहणं. दाणा ही त्या बसण्याची खूण. मोठ्या कामाला माणूस थोडक्यात कसं उरकेल हे बघतो आणि बघावंच. पण रोजचा नेम उरकला की त्यातला जीव जातो. हल्ली बाजारात गोपद्मांचे छाप मिळतात, जमिनीला चिकटवायचे स्टिकरही मिळतात. ज्या बाईला आठ सोळाची लोकल गाठायची आहे तिनं छाप वापरला तर मी तिला नावं ठेवणार नाही. मात्र मला विचारलं तर मी म्हणेन, ३३ होत नसतील तर तीन काढ, पण चिमटीनं काढ.

विनोबांचीच दुसरी आठवण तुळशीची. लहानपणी एकदा ते आंघोळ करून जेवायला बसले. आईनं विचारलं, तुळशीला पाणी घातलंस का? घातलं नव्हतं. मग आधी जा, घालून ये, मगच वाढीन, असं तिनं सांगितलं. ही आईची आपल्याला कायमची देणगी, असं विनोबा मानत. पुढे १९५१ साली भूदानासाठी त्यांची पदयात्रा सुरू झाली आणि तेरा वर्षं, रोज पहाटे मुक्काम सोडायचा आणि पुढच्या गावी चालत जायचं, असं चाललं. तुळशीच्या तांब्यातून ही पदयात्रा निघाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मधे केवढं तरी अध्ययन, केवढं तरी आयुष्य आहे. तरी त्या स्वयंपाकघरातल्या प्रसंगात काय काय आहे ते बघावं. काम एका तांब्याचं. ते कधी करायचं हे ठरलेलं, आंघोळ आणि जेवण यांच्या मधे. ज्याच्यासाठी करायचं ते झाड समोर उभं, पाणी नाही मिळालं तर कोमेजणारं. आणि विचारणारं माणूस घरात. मुलाला शिस्त लागावी असं एक अक्षर त्यात नाही. तुळशीला पाणी मिळावं एवढंच आहे.

मला वाटतं, नेम टिकतो तो इथे. आपण स्वतःला सुधारायला बसलो की आपणच आपल्याला तपासत राहतो. आज किती फरक पडला, कालच्यापेक्षा बरं झालं का, आणि फरक दिसत नाही म्हटल्यावर जीव विटतो. कारण स्वतःतला फरक रोज दिसतच नाही. तुळशीला, गाईला, तंबोऱ्याला, आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याला मात्र आपण आलो की नाही ते रोज कळतं.

जिला स्वतःचा म्हणून वेळच नव्हता तिला नेमानं तो मिळवून दिला, हे मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. भरल्या वाड्यात सून पहाटेपासून रात्रीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या हाकेला ओ देत असायची. ती घटकाभर स्वस्थ बसली तर ‘काय गं, काम नाही का काही?’ हे ठरलेलं. पण ती वाती वळत बसली, जप करत बसली, पोथी उघडून बसली तर सासूसुद्धा आवाज खाली आणायची. देवाच्या नावानं का होईना, दिवसाचा एक तुकडा तिच्या मालकीचा झाला. त्या तुकड्यात ती काय काय करत असेल! लाख वातींचा नेम म्हणजे घरच्या देवकापशीचा कापूस घ्यायचा, सरकी काढायची, बोटांनी पेळू मोकळा करायचा आणि चिमूटभर भस्म लावून तळहातावर वळायचा. हात आपोआप चालतात. डोकं रिकामं. नव्या संसारातले किती प्रश्न त्या वातींबरोबर उलगडले असतील, किती आसवं गिळली गेली असतील, कितीजणींनी मनातल्या मनात ओव्या जुळवल्या असतील.

नेमांची काळी बाजूही लिहायला हवी. त्यातले पुष्कळ नेम खाणं सोडण्याचे असत, आणि सोडणारी असे बाईच. आधीच शेवटी जेवणारी, त्यात एकभुक्त राहणारी. बाळंतपणांनी खंगलेल्या शरीरावर उपासांची रास. विधवेच्या बाबतीत तर नेम तिनं धरायचा प्रश्नच नव्हता, तो तिच्यावर लादलेलाच होता आणि त्याला कार्तिकीची सांगताही नव्हती. त्यांचं मी काडीइतकंही समर्थन करणार नाही. मी ज्या नेमांची बाजू घेते ते काहीतरी करण्याचे, हात, डोळे, जीभ चालवण्याचे नेम आहेत. सोडण्याचेच म्हणायचे तर तपकिरीचे.

आमच्या आत्याचा नेम पोथीचा होता. तिची शाळा चौथीला सुटली. पुढे लग्न, मग लवकरच माहेरी परत येणं, मग आमच्या वाड्यातली एक खोली. वाचायला येत होतं, पण जोडाक्षर आलं की अडायची. चौथीनंतर कागद हातात कधी आला असेल? एका आषाढीला तिनं श्रीधरस्वामींचा हरिविजय काढला. ३६ अध्याय, रोज एक म्हटला तर चार महिन्यांत पोथी तीनदा होते आणि थोडे दिवस उरतात. दुपारी जेवणं झाली, उष्टी-खरकटी आवरली की ती माजघरात खिडकीशी पोथी घेऊन बसायची. सुटी, लांबट पानं, मोठा ठसठशीत टाइप, लाल कापडाचं बासन. ओळीखालून बोट सरकायचं, बोटाबरोबर आवाज. अडली की बोट तिथेच थांबायचं, ओठ दोन-तीनदा हलायचे आणि मग शब्द सुटायचा. आम्ही मुलं शेजारी लवंडलेली असायचो आणि ती कुठे अडते याची वाट बघायचो. ओवीला एक सोय आहे. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक येतं, त्यामुळे तिसऱ्या चरणाचा शेवटचा शब्द कानालाच आधी कळतो आणि डोळे मागून पोचतात. आत्या वाचायला शिकली ती खरं तर श्रीधरांच्या यमकांचं बोट धरून.

ती दर चातुर्मासात पोथी लावत राहिली. हरिविजय झाला, रामविजय झाला, पांडवप्रताप झाला. बारामतीला १७१८ साली पुरं झालेलं शिवलीलामृत तर तिला पाठच होऊन गेलं. या दरम्यान केव्हातरी वाड्यातल्या इतर बायका आपली पत्रं वाचून घ्यायला तिच्याकडे यायला लागल्या. मग मनीऑर्डरीचे फॉर्म. मग पुरुषमाणसं कामावर गेल्यावर ओसरीवर पडलेलं वर्तमानपत्र. म्हातारपणी ती अग्रलेख मोठ्यानं वाचायची आणि न पटलेल्या वाक्यावर बोट ठेवून आम्हाला हाक मारायची. नगरपालिकेची नोटीस आली की वाडा तिच्याकडे बघायचा. हे सगळं तिला मिळवायचं होतं म्हणून तिनं पोथी धरली असं नव्हे. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, रोज अध्याय व्हायला हवा, एवढंच.

पोथीच्या आडोशाला किती अर्थ होता हे मला रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचताना कळलं. १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि लगेच पाटीवर धडे सुरू झाले. घरातल्या बायकांनी त्या रोजच्या धड्यासाठी त्यांना किती टोचून बोलावं, किती एकटं पाडावं! कारण ते वाचणं देवाचं नव्हतं. पुस्तक होतं, पुढे तर इंग्रजी होतं. आमच्या आत्याच्या पोथीवर कुणी भुवई उचलली नाही. रमाबाईंनी मात्र कसलाही आडोसा नसताना, घरभर वैर घेऊन, रोजचा धडा चालवला. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि किती बायकांच्या हाती पाटी आली, त्याच्या मागे ते कडू दिवस आहेत. कोणतं धैर्य मोठं याची तुलना मी करणार नाही. दोन्हीकडे रोजचा धडा होता.

पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबून काही नियम पाळायचे, ही काही एकाच घराची मिरास नाही. जैन साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात आणि त्यांच्यापुढे बसून श्रावक-श्राविका लहान लहान नियम घेतात. बौद्धांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, तीन महिन्यांचा. महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांमधून त्या काळात विहारात संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या मागे प्रसिद्ध झाला. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. कामावरून आलेले, मुलं मांडीवर घेतलेल्या बाया. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिवू दिलं नाही त्या घरांत रोज संध्याकाळी ग्रंथ उघडला जातो आणि काल कुठे थांबलो होतो हे कुणीतरी सांगतं. रोजच्या छोट्या वाचनानं माणूस वाढतो असं कुणाला पटवून द्यायचं झालं तर मी त्याला एखाद्या विहारात वर्षावासातली एक संध्याकाळ बसवीन.

वारकऱ्याची माळही याच जातीची. गळ्यात माळ घातली की दारू, मटण बंद, एकादशी आली, हरिपाठ आला, वर्षाची वारी आली. दारू सुटलेली आणि सुटलेलीच राहिलेली माणसं माळकऱ्यांत गावोगाव भेटतात. माळ दिसते, हे तिचं बळ. गुत्त्याच्या दारात पाय घुटमळला तर आधी समोरच्याची नजर गळ्याकडे जाते. निश्चय नुसता मनात ठेवला की त्याला साक्षीदार राहत नाही.

एखादी गोष्ट अंगवळणी पडायला २१ दिवस लागतात असं आपण सर्रास ऐकतो. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान तीन आठवडे लागतात, असं त्यांनी पाहिलं होतं. त्यातला ‘निदान’ वाटेत कुठेतरी गळाला आणि आकडा तेवढा जगभर फिरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक छोटी गोष्ट रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून करायला सांगितली, नाश्त्यानंतर पेलाभर पाणी पिण्यासारखी, आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात गोष्ट आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. चातुर्मास म्हणजे चार चांद्रमास, साधारण ११८ दिवस. २०२३ सारखा मधे अधिक श्रावण आला तर पाच महिने. कुणी हिशेब करून तेवढा ठेवला असेल असं नाही. पाऊस तेवढा असतो, नद्या तेवढा काळ वाट अडवतात. पण २१ दिवसांत काही झालं नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्याला मी पावसाळ्याचा हिशेब धरायला सांगेन.

त्या अभ्यासातली मला अधिक धीर देणारी गोष्ट वेगळी आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. फोनमधली अ‍ॅपं सलग दिवसांची साखळी मोजतात आणि एक दिवस हुकला की आकडा शून्यावर नेऊन ठेवतात. दोन महिने नेटानं चालणारी बाई ताप आला म्हणून एक दिवस घरी राहते, पडद्यावर शून्य बघते आणि दुसऱ्या दिवशी उठतच नाही. जुन्या नेमाला अशा दिवसाची जाणीव होती. सुतक पडायचं, माहेरी जावं लागायचं, बाई बाजूला बसायची. बाजूला बसवण्याची रीत मला मुळीच मान्य नाही. पण त्या दिवसांत जाऊ नाहीतर लेक तिची गोपद्मं काढायची, हे मला फार आवडतं. आत्याला एकदा खूप ताप होता तेव्हा तिचा अध्याय माझ्या थोरल्या बहिणीनं वाचला, आत्या पडल्या पडल्या ऐकत होती आणि बहीण जोडाक्षराला अडली की शब्द सांगत होती. नेम त्या दिवशीही झाला. तो दोघींचा झाला.

केवढा नेम धरावा यावर आत्याचं एक माप होतं. घरात पाहुणे उतरलेत, लाकडं ओली आहेत, कुणाचं तरी पोर रडतंय, अशा दिवशी जेवढं होईल तेवढंच बोलावं. उत्साहाच्या दिवसावरून माप घेऊ नये. आषाढात सगळ्यांनाच उत्साह असतो. भाद्रपदात गौरी-गणपतीच्या धबडग्यात काय निभेल ते बघावं. एका वर्षी शेजारच्या नव्या सुनेनं रोज तीन अध्याय, शिवाय मौन जेवण, शिवाय पहाटे देवळात दिवा असं सगळंच एकदम धरलं. आत्यानं तिला जवळ बसवून दोन नेम सोडायला लावले. “दिवा ठेव,” म्हणाली, “तेवढ्यानं देवळापर्यंत चालणं होईल तुझं.” त्या मुलीला घराबाहेर पडायला दुसरं निमित्त नव्हतं, हे आत्यानं बरोबर हेरलं होतं.

आज कुणी मला नेम सुचवायला सांगितला तर मी त्या माणसाच्या घरात काय आहे ते आधी विचारीन. अंगण आहे का, गच्चीत कुंडी आहे का, आजोबांची मोडीतली दप्तरं माळ्यावर पडली आहेत का? मोडीची रोज एक ओळ लावायची. पेटी धूळ खात असेल तर रोज एक सरगम. गावाकडे आई एकटी असेल तर रोज ठरल्या वेळी फोन, आणि त्यात तिनं आज काय शिजवलं हे विचारायचं. परदेशात मुलं मराठी बोलतात पण वाचत नाहीत, त्यांच्यासाठी जेवणाच्या टेबलावर रोज एक परिच्छेद. आंघोळीनंतर, चहाआधी, दिवेलागणीला, असं दिवसातलं पक्कं ठिकाण त्याला द्यायचं. घरात एकाला तरी सांगून ठेवायचं. आणि कार्तिकी एकादशीला थांबायचं. थांबण्याचा दिवस ठरलेला असला की सुरू करायला भीती वाटत नाही. कार्तिकात नेम सुटल्यावरही चैन पडेना म्हणून पुढे चालवणारे पुष्कळ असतात, पण तो त्यांचा खुशीचा सौदा.

माझा या वर्षीचा नेम वाचनाचाच आहे. बाबांना डोळ्यांच्या विकारामुळे छापील अक्षर आता दिसत नाही. रात्रीची जेवणं झाली, ओटा पुसला की मी त्यांना दोन पानं वाचून दाखवते. बातम्या त्यांना रेडिओवर मिळतात, म्हणून पुस्तकच घ्यायचं ठरवलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ लावलं. मनातल्या मनात वाचताना मी ज्या जागांवरून सरळ पुढे जात आले होते तिथे मोठ्यानं वाचताना थांबावं लागतं. लक्ष्मीबाईंचं वाक्य कुठे श्वास घेतं ते जिभेला कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. बाबा मधेच एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ सांगतात, भांड्याचं नाव निघालं की ते कसं दिसायचं ते हातांनी दाखवतात. आई आत भांडी लावता लावता ऐकत असते आणि मजकूर तिच्या पसंतीचा आला की पाण्याचा नळ बंद होतो. पुस्तक आता संपत आलंय. पुढे काय घ्यायचं यावर घरात दोन तट पडले आहेत. बाबांना गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हवा आहे, सत्तावनच्या धामधुमीतून झाशी पाहून आलेला वरसईचा भिक्षुक त्यांना पुन्हा एकदा ऐकायचा आहे. आई म्हणते लढाया पुरे, ‘बनगरवाडी’ घे. ‘बनगरवाडी’ लहान आहे, कार्तिकीच्या आत होईल. ‘माझा प्रवास’ तेवढ्यात होईल का, याचा हिशेब बाबा बोटांवर करताहेत.